शेवटच्या बाकावरून दिसतं का?

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं. पाठवणारी मुलगी साताऱ्याची, आठवीतली. "नाव छापू नका हं," असं तिनं बजावलंय, म्हणून नाव देत नाही. पत्र मात्र देतो, कारण त्यातला प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांचा आहे.

"काका, आमच्या शाळेत पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे. मी 'कृष्णेचा पूर' हा विषय घेतलाय. माझी मावशी सांगलीला राहते. २०१९ मध्ये तिच्या घरात पाणी शिरलं. तिच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बाहेर काढावं लागलं. मावशी अजून म्हणते, 'आदल्या दिवशी निघालो असतो, तर पायी चालत निघालो असतो.' सरांनी पॉवरपॉइंट करायला सांगितलं. मी २४ स्लाइड केल्यात. माहिती आहे, फोटो आहेत, तक्ते आहेत, पाऊस पडतोय असं ॲनिमेशनपण आहे. घरी दाखवलं तर सातव्या स्लाइडला बाबा मोबाइल बघायला लागले. आई म्हणाली, 'छान झालंय.' मी विचारलं, 'काय कळलं?' तर म्हणाली, 'खूप माहिती गोळा केलीस गं!' काका, माझं काय चुकलं? प्रदर्शनानंतर मे महिन्यात मला हेच मावशीच्या गल्लीतल्या लोकांना दाखवायचंय. तिथं तरी लोकांनी नीट बघायला हवं."

वाचलंत? आता तिला उत्तर देतो. तुम्हीही शेजारी बसून ऐका.

तर मुली, आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. मी तुझ्याएवढा असताना प्रोजेक्टर वगैरे काही नव्हतं. कार्डशीट आणि स्केचपेन, एवढंच भांडवल. मीसुद्धा कृष्णा नदीच घेतली होती. महाबळेश्वरपासून सगळं काढलं. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. वर धरणं, घाट, देवळं, तालुक्यांच्या हद्दी आणि चहूबाजूंनी वेलबुट्टी! नावं पिवळ्या स्केचपेननं लिहिली, कारण निळा संपला होता. परीक्षक आले, चार पावलांवर उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, यात सांगली कुठं आहे?" मी वळलो, शोधायला लागलो. मलाच सापडेना! पाठीमागून मुलं खिदळतायत आणि मी आपला नदीवर बोट फिरवतोय. शेवटी परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

त्या दिवशी मला वाटलं, माझं चित्र वाईट होतं. पुढं कळलं की चित्र वाईट नव्हतं. ते कशासाठी काढलंय हे मीच ठरवलं नव्हतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न. तुझं बोलणं संपल्यावर, खुर्चीवरून उठताना लोकांनी काय करायचंय? "त्यांना माहिती मिळेल" हे उत्तर चालणार नाही. मावशीच्या गल्लीतल्या माणसानं नेमकं काय करायचं, ते एका वाक्यात लिही. तुझ्या पत्रातच ते आहे की! "पाणी अमुक फुटांवर गेलं, की त्याच दिवशी, पायी चालता येतंय तोवर बाहेर पडायचं." बस्स. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही. जे चित्र या वाक्याला हात देईल ते ठेवायचं. जे देणार नाही ते कितीही सुंदर असो, काढून टाकायचं.

अशा कामासाठी चित्र काढणारी एक बाई इतिहासात होऊन गेली. तुम्हाला ती दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून माहीत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल! १८५४ ते १८५६ या काळात क्रिमियाच्या युद्धात तिनं पाहिलं, की सैनिक गोळ्या लागून मरतायत त्यापेक्षा कितीतरी जास्त घाणीमुळे होणाऱ्या रोगांनी मरतायत. परत आल्यावर तिनं आकड्यांचे जाडजूड अहवाल लिहिले. पण मोठे अधिकारी आकड्यांची पानं वाचतीलच असं नाही, हे ती ओळखून होती. म्हणून १८५८ मध्ये तिनं फुलाच्या पाकळ्यांसारखी एक आकृती छापली. एक पाकळी म्हणजे एक महिना. निळा भाग रोगांनी मेलेल्यांचा, लाल भाग जखमांनी मेलेल्यांचा आणि काळा बाकीच्यांचा. निळा भाग इतका मोठा, की पुढं काही सांगायलाच नको! पाहणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येणार, "अरे, ही माणसं वाचवता आली असती." आकडे अहवालात राहिले. चित्रात एकच गोष्ट राहिली.

इतक्या लांब कशाला, आपल्या सांगलीतच चला. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली, की विचारतात काय? "किती फूट झालं?" समोरचा म्हणतो, "एकेचाळीस." एवढ्यावर दोघांनाही सगळं कळतं. दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतो, नदीकाठची माणसं गुरं हलवायला लागतात. बघ, एक उभी पट्टी, काही आकडे आणि दोन खुणा. लाखो लोकांना समजणारं याहून चांगलं चित्र मी तरी पाहिलेलं नाही. त्यात वेलबुट्टी नाही, ॲनिमेशन नाही. पाणी किती आहे आणि किती झालं की काय करायचं, एवढंच ते सांगतं.

तुझ्या २४ स्लाइडना त्या पट्टीसारखं व्हायचंय. माझ्या मते तुला चार चित्रं पुरतात. एकेक पाहू.

पहिलं चित्र : नदी

कोयना धरण तुमच्या सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं. मावशी सांगलीत. तुमच्याकडचं पाणी तिच्या दारात कसं जातं, एवढंच या चित्रानं सांगायचं. म्हणून एक जाड निळी रेघ काढ, ती कृष्णा. तिला कऱ्हाडला येऊन मिळणारी दुसरी रेघ, ती कोयना. सांगलीच्या खाली हरिपूरला मिळणारी तिसरी, ती वारणा. ठिपके फक्त चार : कोयना धरण, कऱ्हाड, सांगली आणि मावशीचं घर. वेण्णा, येरळा, देवळं, तालुके सगळं गाळायचं. ते खोटं आहे म्हणून नव्हे. ते तुझ्या वाक्याला हात देत नाही म्हणून.

बोलताना इथं एक गोष्ट खरी खरी सांग. पूर फक्त धरणाच्या पाण्यानं येत नाही. धरणाच्या खालच्या भागात कोसळणारा पाऊस, वारणेचं पाणी, सगळं मिळून तो येतो. पण वरचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपल्या हातात असतो. तुझी जाड निळी रेघ म्हणजे खरं तर हा वेळ आहे.

दुसरं चित्र : पट्टी

आयर्विन पुलाची पट्टी मोठी करून काढ. खाली शून्य, वर ६०. त्यावर ४० आणि ४५ च्या ठळक रेघा. मग २००५ च्या पुराची खूण ५३ च्या वर आणि २०१९ ची ५७ च्या वर.

इथं एक मोह होईल, तो सांगतो. पट्टी शून्यापासून काढली, तर २००५ आणि २०१९ च्या खुणा जवळजवळ दिसतात. मग वाटतं, आपण पट्टी ५० पासून सुरू करू या, म्हणजे २०१९ चा खांब २००५ च्या दुप्पट उंच दिसेल! वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत असं सर्रास करतात. तू करू नकोस. ज्याला हिशोब कळतो त्याचा तुझ्यावरचा विश्वास उडेल, आणि ज्याला कळत नाही त्याला तू फसवलेलं असशील. पट्टी शून्यापासूनच काढ. चार फुटांचा फरक किती मोठा असतो, हे सांगायला आपण तिसरं चित्र ठेवलंय.

त्याआधी रंगाचं बोलू. तू म्हणशील, सुरक्षित भाग हिरवा करते आणि धोक्याचा लाल. थांब! एक गोष्ट ऐक.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. १८६९ चा त्यांचा जन्म. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. हात उत्तम, रेषा सुरेख. पण काही काळानं लक्षात आलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकाराचं स्वप्न तिथंच संपलं. पण त्यांनी पेन्सिल काही सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं करायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढं मुंबईत तोच विषय शिकवूही लागले. मग बेळगावला सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांना माळरान दिलं. त्यावर कारखाना उभा राहिला आणि गाव वसलं. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी.

आता विचार कर. रंग नीट न ओळखणारी माणसं आजही प्रत्येक गावात आहेत. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त आढळतं, आणि बऱ्याच जणांना तांबडा आणि हिरवाच सारखा दिसतो. पुष्कळांना तर आपल्याला असं होतंय, हे ठाऊकही नसतं. तुझा लाल आणि हिरवा पट्टा अशा माणसाला एकाच मातकट रंगाचा दिसणार. म्हणजे ज्याला "बाहेर पड" म्हणायचं, त्यालाच तू काही सांगितलं नाहीस! मग काय करायचं? यंत्रांच्या रेखाटनात करतात तेच. तिथं जाड रेघेचा अर्थ वेगळा, बारीक रेघेचा वेगळा, तुटक रेघेचा वेगळा. तू धोक्याच्या भागात तिरप्या रेघा ओढ, ४० ला तुटक रेघ दे, ४५ ला जाड अखंड रेघ दे आणि शेजारी शब्दही लिही : "इशारा", "धोका". रंग दे की, पण रंग पुसून टाकला तरी चित्र बोललं पाहिजे. खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघ. झेरॉक्समध्ये कळतंय ना? मग झालं.

तिसरं चित्र : तू स्वतः

हे चित्र कागदावर नाही, बरं का! २००५ आणि २०१९ मध्ये फरक जवळजवळ चार फुटांचा. पट्टीवर तो बोटभर दिसतो. मग तू काय करायचं? भिंतीला टेकून उभी राहा. मैत्रिणीला जमिनीपासून चार फुटांवर खडूनं रेघ मारायला सांग. आठवीतल्या मुलीच्या खांद्याच्या आसपास येईल ती. मग लोकांना सांग, "२००५ ला जिथं पाणी नुसतं उंबऱ्याला लागलं होतं, तिथं २०१९ ला ते इथवर होतं." बघ कशी शांतता पसरते ती! ४ हा आकडा कुणाला घाबरवत नाही. खांद्यापर्यंतचं पाणी मात्र प्रत्येकाला कळतं.

मोठे आकडे असेच अंगणात आणायचे असतात. कोयना धरणात साधारण १०५ टीएमसी पाणी मावतं. ऐकणाऱ्याला काय कळलं? काही नाही. "धरणातून ५० हजार क्युसेक पाणी सोडलं," अशी बातमी येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८ लिटर. चौदा लिटरची बादली घेतली, तर दोन बादल्या. मग ५० हजार क्युसेक म्हणजे? दर सेकंदाला एक लाख बादल्या! हे सांगताना दर सेकंदाला एक अशा टाळ्या वाजव. टाळी, एक लाख बादल्या. टाळी, आणखी एक लाख. पाचव्या टाळीला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतील. या टाळीला पैसे पडत नाहीत, वीज लागत नाही आणि ती कुठल्याही ॲनिमेशनपेक्षा चांगली चालते.

चौथं चित्र : पिशवी

शेवटी लोकांना करायला काही तरी दे. तू म्हणशील, "काय न्यायचं त्याची यादी स्लाइडवर देते." नको. खरीखुरी पिशवी आण. आजीची औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली, बॅटरी, पाण्याची बाटली, चणे-गूळ, मोबाइलचा चार्जर. एकेक वस्तू काढ, दाखव, टेबलावर ठेव. वस्तूसारखं चित्र नाही.

लक्ष्मणरावांचंच पाहा. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली! अशी समजूत नुसत्या शब्दांनी किंवा छापील कागदानं जात नाही. शेजारच्या शेतात त्याच नांगरानं नांगरलेल्या जमिनीत पीक डोलताना दिसलं, की जाते. मावशीच्या गल्लीतही कुणी म्हणेल, "आमच्या आजोबांच्या वेळेपासून इथं पाणी आलं नव्हतं." त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्याच गल्लीतल्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण कुठं कुठं उरली असेल, ती दाखव.

झाली चार चित्रं. "एका चित्रात एकच गोष्ट" हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. याचा आणखी एक नमुना तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांनी किर्लोस्करांना जागा दिली तेच, स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनही करत. सूर्यनमस्कार घरोघरी जावेत म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली, पुस्तकं लिहिली. त्यांच्या पद्धतीत नमस्काराच्या दहा अवस्था. आता कुणी मला शब्दांनी सांगायला लागलं, की "उजवा पाय मागं, गुडघा टेकलेला, नजर वर," तर माझा गोंधळच उडेल. एका अवस्थेचं एक चित्र, असं ओळीनं पाहिलं, की शेंबडं पोरही करून दाखवील. दहाही अवस्था एकावर एक काढल्या असत्या तर? माझ्या कार्डशीटसारखं झालं असतं! कधी सहलीला औंधला गेलात, तर टेकडीवरचं श्रीभवानी संग्रहालय जरूर पाहा. ते १९३८ मध्ये त्यांनीच उभारलं.

आता थोडं कारागिरीचं.

अक्षरं केवढी काढायची? साधा हिशोब लक्षात ठेव. दर दहा फुटांना एक इंच. वर्ग पंचवीस फूट लांब असेल, तर मथळ्याचं अक्षर अडीच इंच उंच हवं. आणि आपली देवनागरी इंग्रजीसारखी नाही, बरं का! तिला वर मात्रा-वेलांट्या असतात, खाली उकार असतात. दोन ओळी चिकटवून लिहिल्या, तर वरच्या ओळीतल्या "पूर" चा ऊकार खालच्या ओळीतल्या "येतो" च्या मात्रेत जाऊन अडकतो. ओळींत भरपूर जागा सोड. पिवळी अक्षरं पांढऱ्यावर लिहू नकोस. का ते मी वर सांगितलंच आहे, हसू नका!

स्लाइडवर लिहिलेलं वाचून दाखवू नकोस. लोकांना वाचता येतं. ते तुझ्या आधी वाचून मोकळे होतात आणि मग तुझ्या बाबांसारखा मोबाइल काढतात. बाबांवर रागावू नकोस, त्यांनी तुला खरं तेच सांगितलं. कीर्तनकाराला कधी पोथीत डोकं खुपसून उभा पाहिलायस? तो श्रोत्यांकडे बघतो. तूही लोकांकडे तोंड कर. चित्र दाखवायचं तेव्हा बाजूला सरक, बोट ठेव, क्षणभर थांब, लोकांना बघू दे, मग बोल. आणि चित्राचं काम संपलं की ते झाकून टाक. उघडं राहिलं, तर लोक त्याच्याकडेच बघत बसतात आणि तू काय म्हणतेस ते कुणी ऐकत नाही.

फोटोंबद्दल जरा गंभीरपणे बोलतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जणांचा जीव गेला. त्या दिवसांतले फोटो तुला सहज मिळतील. तुझ्या २४ स्लाइडमध्ये ते असतीलही. ते दाखवले, तर लोक हळहळतील हे खरं. पण समोर बसलेल्यांत त्यातल्याच कुणाची बहीण, कुणाचा मुलगा असला तर? सांगली काही फार मोठी नाही. दुसऱ्याचं दुःख हे आपल्या तक्त्याची सजावट नव्हे. त्या घटनेबद्दल बोलावंसं वाटलं, तर एका वाक्यात, आवाज न चढवता बोल : "वेळ निघून गेल्यावर बाहेर पडणं किती अवघड असतं, हे आपण ब्रह्मनाळला पाहिलं." फोटो नको. मावशीनं परवानगी दिली, तर त्या रिकाम्या खुर्चीचा फोटो दाखव. सासूबाईंना जिच्यासकट उचललं, ती खुर्ची. पुरेसं आहे.

शेवटची गोष्ट म्हणजे पळवाट! लाइट जाणार असं धरूनच चाल. प्रदर्शन मांडवात किंवा खिडक्यांच्या खोलीत असेल, तर भर दुपारी प्रोजेक्टरचं चित्र फिकट पडतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुझा मराठी टाइप नसला, तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून फाइलची पीडीएफ करून ने आणि हीच चित्रं कार्डशीटवरही काढून ने. खरं सांगू? मावशीच्या गल्लीत तर कार्डशीटच ने. पाऊस लागला आणि वीज गेली, तरी तो कागद कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला राहील. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडेल, त्या दिवशी वीज असेलच असं नाही.

आणि हो, त्या कार्डशीटवरची सगळ्यांत महत्त्वाची खूण मी तुला देऊ शकत नाही. ती तुलाच शोधायची आहे. आयर्विन पुलावर ४५ फूट झालं, म्हणजे मावशीच्या गल्लीत ४५ फूट पाणी असं नव्हे. पट्टीचं शून्य नदीत आहे. प्रत्येक गल्लीची उंची वेगळी, त्यामुळे पाणी कुठं लवकर शिरतं, कुठं उशिरा. मावशीला विचार, शेजारच्या आजोबांना विचार, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार : "पुलावर किती फूट होतं, तेव्हा आपल्या कोपऱ्यावर पाणी आलं?" तीन-चार जणांचं उत्तर जुळलं, की तो आकडा तुझ्या पट्टीवर जाड रेघेनं लिही. त्याच्या काही फूट खाली दुसरी रेघ मार आणि शेजारी लिही, "आता निघा." किती फूट खाली ते गल्लीतल्या मोठ्या माणसांनी मिळून ठरवू दे. त्यांनी ठरवलं, तर ते पाळतील. पावसाळ्यात सरकारी सूचना येतील त्या तर ऐकायच्याच, पण ही रेघ पाहून पिशवी आधीच भरलेली असेल.

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी पुढं डॉक्टर होईल, कुणी इंजिनिअर, कुणी दुकान टाकेल, कुणी सरपंच होईल. प्रत्येकाला कधी ना कधी चार माणसांपुढे उभं राहून काही पटवून द्यावं लागणारच आहे. तेव्हा यंत्रं आजच्यापेक्षा भारी असतील. पण बघणारे डोळे हेच असतील, आणि मागच्या बाकावर कुणी तरी बसलेलं असेलच. तुमचं चित्र त्याच्यासाठी काढा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या शाळेच्या भिंतीवरचा कुठलाही एक तक्ता निवडा. शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि दहा आकडे मोजेपर्यंत त्याच्याकडे बघा. मग डोळे मिटून त्यातलं काय आठवतं ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमलं तर तक्ता चांगला. नाही जमलं, तर त्यातलं काय काय गाळाल ते मला कळवा.

आणि साताऱ्याच्या मैत्रिणी, प्रदर्शनाच्या आधल्या दिवशी आईला पुन्हा एकदा दाखव. या वेळी "कसं झालंय?" असं विचारू नकोस. विचार, "आई, मावशीनं कधी निघायचं?" तिनं पटकन आकडा सांगितला, तर तुझं काम झालं. बक्षीस मिळो न मिळो. मे महिन्यात गल्लीत काय झालं, ते मात्र मला नक्की लिही. मी वाट बघतोय.

तुमचा,
काका